धुरी देऊनही मुळांना गाठी आल्या, नेमकं कुठे चुकलं?

मळेकरी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

माझ्या टोमॅटोच्या प्लॉटात तीन वर्षांपासून सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरून गाठी करणारे डोळ्यांना न दिसणारे जंत, आहेत. पहिल्या वर्षी कळलंच नाही. भर दुपारी झाडं माना टाकायची, संध्याकाळी परत सावरायची. पाणी कमी पडतंय असं समजून मी पाणी वाढवत गेलो, मग खत वाढवलं. पीक काढताना एक झाड उपटलं तेव्हा मुळं बघून हातपायच गळाले. सगळीकडे मण्यांसारख्या गाठी, आणि बारीक पांढरी मुळी जवळजवळ नाहीच.

गेल्या हंगामात लागवडीआधी धुरीकरण केलं, म्हणजे मातीत गॅस होऊन सूत्रकृमी मारणारं औषध दिलं. मेटाम सोडियम ड्रिपमधून सोडलं. औषध देणाऱ्याने सांगितलं होतं की याने जमीन पूर्ण निर्जंतुक होते. जुनं पीक कापून काढलं, मुळं जमिनीतच राहिली. वरून एकदा रोटाव्हेटर फिरवला, गादीवाफे केले, प्रत्येक वाफ्यावर ड्रिपची एक नळी (लॅटरल) टाकली. माती कोरडी होती, म्हटलं औषध चांगलं शोषलं जाईल. दोनेक तासांत औषध सोडून संपवलं. वर प्लॅस्टिकचा पेपर अंथरला नव्हता. दहाव्या दिवशी रोपं लावली.

खालच्या अंगाला, जिथे पाणी साचतं, तिथली रोपं धरलीच नाहीत. मुळ्या तपकिरी पडल्या. बाकीचा प्लॉट दीड महिना इतका देखणा दिसत होता की लोक बघायला यायचे. तिसऱ्या महिन्यात पुन्हा तेच, दुपारी माना खाली. उपटून बघितलं तर गाठी, आणि वाफ्याच्या कडेकडेच्या मुळांवर जास्त.

आता मातीचा अहवाल आलाय. दोनशे ग्रॅम मातीत ८४० पिल्लं. धुरीच्या आधी हाच आकडा ६१० होता. म्हणजे औषधाने वाढले का? पुढच्या लागवडीला सात आठवडे आहेत. डोस दुप्पट करू, औषध बदलू की हा नादच सोडू? जमीन काळी, भारी आहे. खरंच काही सुचत नाहीये.

झेंडूप्रेमी (पहिलं उत्तर)

दादा, डोस दुप्पट अजिबात करू नका. मी औषध न वापरता झेंडूवर भागवतो. टोमॅटोच्या कडेने झेंडूची ओळ लावा, मुळांतून जे द्रव्य सुटतं त्याने सूत्रकृमी मरतात. माझ्याकडे तरी त्रास कमी आहे.

भिंगाखालून (दुसरं उत्तर)

मळेकरी दादा, तुम्ही इतकं नीट लिहिलंय की तुमच्या वर्णनातच जवळजवळ सगळी उत्तरं आहेत. मी सोळा वर्षं माती तपासणीच्या प्रयोगशाळेत सूत्रकृमी मोजायचं काम करते. धुरीच्या आधीची आणि नंतरची माती शेजारी शेजारी ठेवून बघण्यातच निम्मं आयुष्य गेलं. त्या अनुभवातून सांगते.

आधी ८४० बद्दल, कारण तो आकडा तुम्हाला सगळ्यात जास्त खातोय. औषधाने सूत्रकृमी वाढत नाहीत. पण औषधानंतर मुळं वाढतात, आणि सूत्रकृमी मुळांवर जगतात. तुमचे आधीचे ६१० आजारी, तुटक्या मुळांवरचे होते, तिथे त्यांचीच उपासमार होती. धुरीनंतर पहिला दीड महिना मुळं निरोगी, भरपूर, खोलवर गेली, आणि जे थोडे वाचले होते त्यांना भरलं ताट मिळालं. गाठीच्या सूत्रकृमीची एक मादी तीनशे-पाचशे अंडी घालते, आणि तिला नराची गरजही पडत नाही. मातीचं तापमान २५ ते २८ अंश असेल तर अंड्यापासून पुन्हा अंडी घालणाऱ्या मादीपर्यंत चार आठवडे पुरतात. समजा शंभरातले पाच वाचले आणि प्रत्येकीची फक्त दहा पिल्लं तगली. पहिल्या पिढीत पन्नास, दुसरीत पाचशे, तिसरीत पाच हजार. तुमच्या पिकाला तिसरा महिना लागला तेव्हा नेमकी तिसरी पिढी आली होती.

म्हणून तुमचा दीड महिन्याचा देखणा प्लॉट हे अपयश नव्हतं. धुरीकडून एवढंच मिळतं: रोप कोवळं असताना त्याला मोकळी जमीन. झाड एकदा मोठं झालं की थोड्याफार गाठी सोसतं. तुमच्याकडे तो मोकळा काळ दोन-तीन आठवड्यांनी कमी पडला, आणि तो का कमी पडला ते तुमच्या मातीत आहे.

आपल्या भाषेत एक शब्द आहे, वाफसा. पाऊस पडून गेल्यावर पेरणीआधी आपण ज्या स्थितीची वाट बघतो तीच. पाणी निथळून गेलेलं, मोठ्या पोकळ्यांत हवा, बारीक पोकळ्यांत ओल. धुरीला लागते ती हीच माती. गॅस पोकळीतून चालतो. पोकळीत पाणीच भरलेलं असेल तर त्याला वाट नाही. आणि माती सुकी ठणठणीत असेल तर भेगांमधून तो तासाभरात वर निघून जातो, ढेकळाच्या आत शिरतच नाही. शिवाय कोरड्या मातीत सूत्रकृमी आकसून निपचित पडतात, त्या अवस्थेत त्यांना विष फार कमी बाधतं. मी भिंगाखाली हे कितीदा पाहिलंय. कोरड्या नमुन्यात निर्जीव दिसणारे धागे, दोन दिवस ओल्या कागदावर ठेवले की वळवळायला लागतात. तुम्ही कोरडी माती निवडलीत, म्हणजे त्यांना लपायला मदत केलीत.

मूठभर माती खोलवरून, वीतभर खालून काढा आणि दाबा. गोळा झाला आणि अंगठ्याने टिचकी मारल्यावर फुटला, तर वाफसा आहे. बोटांतून पाणी आलं तर थांबा. गोळाच होत नसेल तर पाणी द्या आणि मग आठवडाभर ओल टिकवा. हा आठवडा फुकट जात नाही. अंडी औषधाला पिल्लांइतकी दाद देत नाहीत. ओल मिळाली की बरीच अंडी फुटतात, पिल्लं बाहेर येतात, आणि तीच गॅसच्या तावडीत सापडतात.

दुसरी गोष्ट जुनी मुळं. गाठ म्हणजे सूत्रकृमीचं पक्कं घर. रोटाव्हेटरने तुम्ही ती घरं बारीक करून सगळ्या वाफ्यात पेरलीत. जिवंत किंवा अर्धवट कुजलेल्या गाठीच्या आत मेटामचा गॅस पुरेसा पोचत नाही. मुळं वेचून काढायला हवी होती, किंवा पूर्ण कुजेपर्यंत थांबायला हवं होतं.

तिसरी गोष्ट कडा. मेटाम सोडियम ओल्या मातीत काही तासांत मिथाइल आयसोथायोसायनेटमध्ये बदलतं, आणि मारतं ते हे दुसरं द्रव्य. ते पाण्याबरोबर चालतं, हवेतून फार लांब जात नाही. ड्रिपमधून सोडलं की जेवढी माती भिजली तेवढीच धुरली. एका लॅटरलने वाफ्याचा मधला पट्टा भिजला, कडा तशाच राहिल्या, आणि गाठी तुम्हाला कडेलाच सापडल्या. मिथाइल ब्रोमाइड या धुरीच्या जुन्या औषधाची गोष्ट वेगळी होती. ते साध्या तापमानालाच वायू होतं, कानाकोपऱ्यात शिरायचं. पण त्याने ओझोनचा थर विरळ होतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारातल्या देशांनी ते टप्प्याटप्प्याने बंद केलं, विकसित देशांत २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांत २०१५ पर्यंत, काही मोजके अपवाद सोडून. त्या काळातल्या लोकांचे सल्ले ऐकताना हा फरक लक्षात ठेवा. त्यांच्या औषधाने जे माफ केलं, ते आताचं औषध माफ करत नाही.

खालच्या अंगाची रोपं का गेली तेही यातच आहे. तिथे पाणी जास्त, म्हणून औषध जास्त आणि हवा कमी. दहाव्या दिवशी तिथला गॅस निघालेलाच नव्हता. हा गॅस रोपाच्या मुळालाही तितकाच जाळतो. म्हणजे एकाच प्लॉटात वरच्या टोकाला औषध कमी पडलं आणि खालच्या टोकाला जास्त झालं. डोस दुप्पट केला असता तर खालची आणखी रोपं गेली असती, कडा तशाच राहिल्या असत्या.

झेंडूप्रेमी दादा, तुमचं म्हणणं खोटं नाही, पण ओळीने काम होत नाही. फ्रेंच झेंडूच्या मुळात जे द्रव्य असतं ते मुळाच्या अगदी जवळच काम करतं. आधीच्या हंगामात सगळ्या जमिनीवर दाट झेंडू, तण अजिबात नाही, निदान दोन-अडीच महिने, असं केलं तर माती तपासताना फरक दिसतो. टोमॅटोच्या शेजारी लावलेल्या ओळीने टोमॅटोच्या मुळाचं रक्षण झालेलं मी एकाही नमुन्यात पाहिलेलं नाही. सूत्रकृमीला शेजारी टोमॅटोचं मूळ असताना झेंडूकडे जायचं कारणच काय?

धुरीच्या टोळीतला (तिसरं उत्तर)

ताईंनी मातीचं सांगितलं, मी माणसाचं सांगतो. नऊ वर्षं मी धुरीच्या टोळीत होतो. ट्रॅक्टरमागे दाते लावून टेलोन, म्हणजे डायक्लोरोप्रोपीन, फूटभर खोल सोडायचं आणि मागून रोलर किंवा प्लॅस्टिक. डाव्या मनगटावर अजून डाग आहे. पाइपाच्या जोडातून गळलेलं औषध हातमोज्यात गेलं आणि मी काम संपवूनच मोजा काढला. कातडं भाजल्यासारखं सोललं. साधं रबर या औषधाला रोखत नाही, उलट आत धरून ठेवतं. उघड्या हाताला लागलं असतं तर निदान लगेच धुतलं तरी असतं.

मळेकरी भाऊ, तुम्ही वर पेपर न घालता मेटाम सोडलंत. त्या संध्याकाळी वारा पडला होता का, शेजारी कुणाचे डोळे चुरचुरले का, ते विचारून बघा. दिवसभर तापलेल्या मातीतून संध्याकाळी गॅस वर येतो, आणि थंड, स्थिर हवेत तो जमिनीलगत लोळत घरांकडे सरकतो. डोळ्यात पाणी, घशात खवखव, मग खोकला. दम्याच्या माणसाला हे भारी पडतं. पोरंबाळं, जनावरं, विहीर, सगळं आधी बघायचं. मेटाम पाण्यात गेलं तर काय होतं ते १९९१ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियात दिसलं. रेल्वेचा टँकर रुळावरून घसरून सॅक्रामेंटो नदीत सुमारे ७० हजार लिटर मेटाम सांडलं, आणि साठ-सत्तर किलोमीटरपर्यंत नदीत मासा शिल्लक राहिला नाही.

आमच्या टोळीतले जुने लोक डीबीसीपीचं नाव काढायचे. सूत्रकृमीवर फार चालायचं, वासही फार नाही, म्हणून कुणी भ्यायचं नाही. १९७७ मध्ये ते बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये वंध्यत्व सापडलं, तेव्हा जगाला कळलं. डोळ्याला झोंबत नाही म्हणजे निर्धोक आहे असं कधी समजू नका. क्लोरोपिक्रिन हे धुरीचं दुसरं औषध तरी आधी रडवून सावध करतं.

घरच्या घरी हे काम करू नका. तुमच्याकडे ज्या औषधाला परवानगी आहे तेच, लेबलवर जे मास्क आणि हातमोजे लिहिलेत तेच, आणि प्रशिक्षण असलेला माणूस. एकट्याने तर कधीच नाही.

मळेकरी

ताई, भाऊ, दोघांचे मनापासून आभार. शेजारच्या काकूंना विचारलं. त्या रात्री त्यांना झोप लागली नव्हती, डोळे लाल झाले होते, पण ॲलर्जी समजून त्या गप्प राहिल्या. माझ्यामुळे झालं हे मला आजवर माहीत नव्हतं. त्यांची माफी मागून आलो.

या खेपेला करायचंच झालं तर प्रशिक्षित माणूस बोलावूनच करणार. पण ताई, सात आठवड्यांत बसेल का? आणि भारी काळ्या जमिनीत गॅस चालतो तरी का? दर वर्षी धुरी द्यावी लागेल का, हेही सांगा.

भिंगाखालून

तुम्ही विचारायला गेलात हे फार बरं केलंत.

भारी जमिनीत गॅस चालतो, पण हळू, आणि हळूच बाहेर पडतो. चिकणमाती आणि सेंद्रिय द्रव्य दोन्ही त्याला धरून ठेवतात. म्हणून शेणखत धुरीच्या आधी घालू नका. ढेकूळ राहिलं तर त्याच्या आत सूत्रकृमी सुखरूप राहतात, त्यामुळे मशागत बी पेरण्याइतकी बारीक हवी. खोलीही बघा. नांगराच्या तळाला कठीण थर झाला असेल तर औषध त्याच्यावरच थांबतं आणि खालचे सूत्रकृमी मुळांच्या मागावर वर येतात. सळई खुपसून बघा. वीतभरावर अडत असेल तर तो थर आधी फोडावा लागेल.

सात आठवडे बसतात, पण ओढाताण होईल. पहिले दोन आठवडे फक्त मुळं. खोल नांगरा, मुळं हाताने वेचून प्लॉटाच्या बाहेर नेऊन नष्ट करा, कंपोस्टच्या ढिगात टाकू नका. ऊन कडक असेल तर उलटलेली माती उन्हात राहू द्या, वरच्या थरातले बरेच सूत्रकृमी नुसत्या सुकण्याने मरतात. मग पाणी, मशागत, वाफे, आणि आठवडाभर ओल. या आठवड्यात वीतभर खोलीचं तापमान रोज सकाळी बघा. १० ते २५ अंशांमध्ये काम चांगलं होतं. ३० च्या वर गेलं तर गॅस मारायच्या आधीच उडून जातो, १० च्या खाली इतका रेंगाळतो की लागवडीची वेळ टळते. वाफ्याला दोन लॅटरल टाका, म्हणजे कडा भिजतील. आधी नुसतं पाणी सोडून बघा. खुरपीने वाफा आडवा कापा आणि ओल कुठपर्यंत पोचली ते डोळ्यांनी बघा, औषधही तिथपर्यंतच पोचणार. वर प्लॅस्टिक, कडा मातीत गाडलेल्या. धुरीच्या टोळीतल्या भावांनी संध्याकाळचं जे सांगितलं तेही या प्लॅस्टिकमुळे बरंच सावरतं, गॅस आत राहतो.

तुमच्या जमिनीत प्लॅस्टिक निदान दोन ते तीन आठवडे ठेवा, मग काढून माती मोकळी होऊ द्या. लागवडीचा दिवस कॅलेंडर बघून ठरवू नका, अळिवाला विचारा. झाकणाच्या दोन बरण्या घ्या. एकीत धुरलेल्या वाफ्यातली, मुळं जिथे जाणार त्या खोलीची माती, दुसरीत न धुरलेली. दोन्हींवर ओल्या कापसावर अळीव ठेवून झाकणं घट्ट लावा. दोन-तीन दिवसांत दोन्हीकडे सारखेच कोंब आले तर लावा. धुरलेल्या बरणीतले कोंब रखडले किंवा आलेच नाहीत, तर अजून गॅस आहे. माती हलवून आणखी आठवडा थांबा, लागवड पुढे गेली तरी चालेल. नमुना खालच्या अंगाचाही घ्या, तिथेच तुमची रोपं गेली होती.

रोपं लावल्यावर महिनाभर खताकडे लक्ष ठेवा. गॅस चांगलं-वाईट बघत नाही. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणूही मरतात, आणि मुळांना फॉस्फरस, जस्त आणून देणारी मायकोरायझा बुरशीही. अशा वेळी फक्त युरिया किंवा अमोनियम खत दिलं तर रोपं रुसल्यासारखी बसतात, आणि शेतकऱ्याला वाटतं सूत्रकृमी परत आले. सुरुवातीला नत्राचा काही भाग नायट्रेटमधून द्या. पूर्ण कुजलेलं, स्वच्छ जागेवरचं शेणखत आता घाला.

रोपं लावण्याआधी प्रत्येक ट्रेमधली दोन-चार रोपं पाण्यात धुवून मुळं उजेडात धरा. मणी दिसला तर तो ट्रे परत करा. गेल्या वर्षी काही सूत्रकृमी रोपांबरोबरच आले असतील, हे मी नाकारणार नाही. आणि दुसऱ्या शेतात फिरलेला रोटाव्हेटर न धुता आत घेऊ नका.

दर वर्षी द्यायची का? माझं स्पष्ट मत, नाही. त्याच जमिनीत मेटाम पुन्हा पुन्हा दिलं की ते लवकर मोडणारे जिवाणू तिथे वाढतात आणि तोच डोस दर वेळी कमी काम करतो. या वर्षी धुरी द्या, पण प्लॉटाचा निम्मा भाग सूत्रकृमीला तोंड देणाऱ्या वाणाने किंवा खुंटावर कलम केलेल्या रोपांनी लावा. टोमॅटोत ही ताकद एका जंगली जातीतून आलेल्या एमआय नावाच्या जनुकामुळे येते. माती २८ अंशांच्या वर तापली की ती ढिली पडते, म्हणून आच्छादन ठेवा. पुढच्या वर्षी त्याच जागी टोमॅटोऐवजी दुसरं काही घ्या, आणि मधल्या उन्हाळ्यात पारदर्शक प्लॅस्टिकखाली ओली माती चार ते सहा आठवडे तापवा. वरची वीतभर माती त्यानेच बरीच मोकळी होते, आणि काकूंची झोपही जात नाही.

एक वाफा न धुरता, न तापवता तसाच ठेवा, खुंट्या ठोकून. लागवडीनंतर सहाव्या आठवड्यात त्या वाफ्यातून आणि धुरलेल्या वाफ्यांतून वेगवेगळे नमुने काढा. नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणांची, पंधरा ते तीस सेंटिमीटर खोलीची माती, सोबत चिमूटभर बारीक मुळं, एकत्र करून अर्धा किलो, ओली असतानाच पिशवीत बांधून. उन्हात किंवा गाडीच्या काचेमागे ठेवू नका, पिल्लं वाटेतच मरतात आणि अहवाल खोटाच चांगला येतो. दोन्ही आकडे इथे टाका, मी बघते.